अक्रोडाचं स्टिअरिंग

१

साल १९६३, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ऊन उतरलं होतं, कापसाची वेचणी सुरू झाली होती, आणि कॅलिफोर्नियात कर्न नदीच्या अलीकडे, ऑइलडेलमध्ये, उघड्या खिडक्यांतून तेलाच्या पंपांची कुरकुर पुन्हा घरात येऊ लागली होती.

डेल्मर योकम अडुसष्ट वर्षांचा होता. तेलविहिरींच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं लेथ चालवलं. शाळा चौथीपर्यंत. आपण कुणाचं फुकट घेतलं नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. सकाळी सहाला कॉफी, मग बिस्किट नावाच्या तांबूस कुत्र्याला अंगणात सोडणं, मग गॅरेज.

गॅरेजच्या एका बाजूला त्याची चौतीस सालची फोर्ड उभी असे. छत चार इंच कापून खाली आणलेलं, मडगार्ड काढून टाकलेले, इंजिन दुसऱ्याच मोठ्या गाडीचं. असली हॉट रॉड त्या गल्लीत दुसरी नव्हती. दुसऱ्या बाजूला टेबल होतं आणि टेबलावर तीच गाडी होती, पंचविसाव्या हिश्शाची. प्लॅस्टिकच्या तयार भागांतला एकही भाग डेल्मरने जसाच्या तसा लावला नव्हता. कापलं, घासलं, पितळेतून नवं काढलं. गाडी एका फळीवर बसवली होती. मागे गॅरेजचं दार, दारात पेअरच्या लाकडातून कोरलेली त्याची बायको वेल्डा, डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली, आणि तिच्या पायाशी बिस्किट.

वेल्डाने पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, "आणि यात तू कुठे आहेस?"

"मी बनवणारा."

"बनवणाऱ्याला दारात उभं राहायला पाय नसतात का?"

डेल्मरने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं होतं.

सगळं त्याच्या हातचं होतं. फक्त स्टिअरिंग नव्हतं.

ते ओरेन रस्कचं होतं. असल्या लहान गाड्या बनवणाऱ्यांचा गावात एक क्लब होता, ओरेन त्यातला सगळ्यांत चांगला कारागीर. शेवटचे अकरा महिने तो अंथरुणावर होता आणि त्या अकरा महिन्यांत त्याने ते एकच काम केलं. अक्रोडाच्या कवचातून कोरलेली कड, आत गिटारच्या बारीक तारेचे आरे, सगळं मिळून करंगळीच्या नखाएवढं. ऑगस्टमध्ये तो गेला. दफन झाल्यावर त्याची बायको लव्होना हिने त्याची सुट्या भागांची पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि क्लबातल्या माणसांना म्हणाली, हवं ते घ्या.

सुट्या भागांच्या पेटीची रीत क्लबात सगळ्यांना पाठ होती. एक घे, एक ठेव. आणि लावलेला भाग कुणाचा, ते नाव घेऊन सांग. डेल्मरच्या अंगावर चर्चचा कोट होता, खिसे रिकामे होते. त्याने स्टिअरिंग घेतलं आणि मनात म्हणाला, उद्या आणून ठेवतो.

उद्याचे सात आठवडे झाले. मध्ये हार्डवेअरच्या दुकानात क्लबाची स्पर्धा झाली. कार्डावर लिहायचं असतं, कोणता भाग कुणाचा. डेल्मरने लिहिलं, 'सगळं माझ्या हातचं. डी. योकम.' पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. पंचांनी भिंग लावून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली, स्टिअरिंग. फीत आणि कार्ड दुकानाच्या काचेत लागलं. गाडी त्याने त्याच संध्याकाळी घरी आणली. दुसऱ्याच्या कपाटात आपलं काम ठेवायला तो तयार नव्हता.

२

सोमवारी सकाळी त्याने टेबलावरचा दिवा लावला आणि त्याला काहीतरी खुपलं. लेथवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आधी चूक दिसते, मग वस्तू. लहान गाडीच्या उजव्या दाराचा आरसा नव्हता.

पडला असेल म्हणून त्याने टेबल झाडलं, जमीन झाडली, केर चाळणीतून चाळला. मग भिंग लावून दार पाहिलं. गोंद सुटला की तिथे डाग राहतो, रंगाचा पापुद्रा उडतो. इथे रंग सलग होता. तिथे कधी काही चिकटवलंच नव्हतं, असा.

तो उठून मोठ्या गाडीच्या उजवीकडे गेला. तिथेही आरसा नव्हता.

"वेल्डा!"

ती हात पुसत आली. "काय झालं? घर पेटलं का?"

"गाडीचा आरसा कुणी काढला?"

तिने डावीकडे बोट दाखवलं. "हा काय, आहे की."

"उजवीकडचा."

"उजवीकडे कधी होता?" ती म्हणाली. "बाजारात गाडी लावताना दर वेळी मीच मान बाहेर काढून बघते. वीस वर्षं बघते आहे."

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिची डावी भुवई वर जायची. डेल्मर तिच्या भुवईकडे बघत राहिला. भुवई जागची हलली नाही.

३

चोर म्हटला की त्याला एकच माणूस आठवत होता. हार्लन पिट्स. नाक्यावरच्या पेट्रोल पंपाचा मालक, क्लबातला, स्पर्धेत दुसरा आलेला. डेल्मरने फोर्ड काढली आणि थेट पंपावर नेली.

"या, निळी फीत!" हार्लन खुर्चीतूनच ओरडला. "आज पेट्रोल घ्यायचंय की तेही तुझ्याच हातचं?"

"माझा आरसा दे."

"कसला?"

"उजवीकडचा. दोन्ही गाड्यांचा."

हार्लन उठला. गाडीभोवती एक चक्कर मारून उजव्या दारापाशी उकिडवा बसला. "म्हाताऱ्या, ह्या गाडीला इथे आरसा मी तरी पाहिला नाही. तूच म्हणायचास ना, मागे बघायला एक डोळा पुरे?"

"सत्तेचाळीस साली मी स्वतः इथे दोन भोकं पाडली."

"मग दाखव भोकं."

डेल्मरने दारावर अंगठा फिरवला. भोक बुजवता येतं, वरून रंग मारता येतो. पण पत्र्याखालची बुजवलेली जागा त्याच्या अंगठ्यापासून लपली नसती. दार गार होतं आणि सपाट होतं.

"घरी जा, लेका," हार्लन हळू आवाजात म्हणाला. हा त्याचा आवाज डेल्मरला टोमण्यापेक्षा जास्त झोंबला. "आणि वाटलं तर गाडी वेल्डाला चालवू दे."

घरी येऊन डेल्मरने गॅरेजला नवं कुलूप लावलं. किल्ली गळ्यात घातली. खिडकीच्या फटीत दोरा ताणून बांधला. जमिनीवर, दारापासून टेबलापर्यंत, कणीक भुरभुरली. हार्लन आणि वेल्डा मिळून आपल्याला वेडं ठरवताहेत का, हेही त्याने मनात तोलून पाहिलं. मग स्वतःलाही तपासलं. लेथच्या गिअरांचे दात, आटे पाडायचे आकडे, एकामागून एक म्हणून पाहिले. एकही चुकला नाही.

४

बुधवारी सकाळी कणकेवर एकही पाऊल नव्हतं. दोरा ताणलेला होता. कुलूप त्यानेच उघडलं.

फळीवर वेल्डाच्या पायाशी बिस्किट नव्हता.

डेल्मर तिथे थांबला नाही. अंगणात आला. शीळ घातली. पुन्हा घातली. कॉफीआधी आपण कुत्र्याला सोडलं होतं का, ते त्याला आठवेना. पायरीपाशी पाण्याचं भांडं असायचं, तिथे सिमेंटवर ओलसर गोल डागही नव्हता. मागच्या दाराच्या खालच्या अंगाला नखांचे नऊ वर्षांचे ओरखडे असायचे. आता दार गुळगुळीत होतं. त्याने नाक लावून वास घेतला. नव्या रंगाचा वास आला नाही.

वेल्डा मक्याचा पाव भट्टीतून काढत होती.

"बिस्किट कुठे आहे?"

"आज बिस्किटं नाहीत, मक्याचा पाव आहे. तूच मागितलास."

"कुत्रा, वेल्डा. आपला कुत्रा."

तिने ताट खाली ठेवलं. "डेल, आपण कुत्रा कधी पाळला? माझ्या मागे लागलास का एकदा तरी? मी तर दर वर्षी म्हणते, लव्होनाच्या कुत्रीला पिल्लं झाली की एक आणू." तिने त्याच्या कपाळाला हात लावला. हात गरम होता, भट्टीजवळचा. "बस जरा. बीन्स वाढते."

तो बसला नाही. फळीवर आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, गाडी आणि वेल्डा. स्टिअरिंग तिथेच होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

लहानपणापासून डेल्मर भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हसत आला होता. त्या सकाळी त्याने कपाटातून लहान गाडीच्या चाकांच्या आपल्या सगळ्यांत चांगल्या चार रिम काढल्या. स्वतः लेथवर पितळेतून उतरवलेल्या, प्रत्येकीला सोळा आरे. त्या रुमालात बांधून तो लव्होनाकडे निघाला.

५

लव्होना रस्कचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. ती मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

"पेटी अजून आहे का?" डेल्मरने विचारलं.

"तिला कोण नेणार? टेबलावरच आहे."

जुनी, चिरूटांची पेटी. आत पातळ लाकडी पट्ट्यांचे खण. डेल्मरने झाकण उघडलं. वरच्या कोपऱ्यातल्या खणात उजवा आरसा होता. शेजारच्या खणात बिस्किट, अंगाचं मुटकुळं करून झोपलेला.

त्याने कोरलेला बिस्किट बसलेला होता.

डेल्मरने भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही. भिंगाशिवायच त्याला वाटलं की कुत्र्याच्या बरगड्या वर आल्या आणि खाली गेल्या. त्याने चारही रिम खाली ठेवल्या आणि झाकण लावलं.

"चार ठेवल्या," तो म्हणाला.

"आणि घेतलं काय?" लव्होना दारात उभी होती. शेंगांची परात तिच्या कमरेवर होती.

असला प्रश्न त्याला अडुसष्ट वर्षांत कुणी केला नव्हता. "ऑगस्टमध्ये घेतलं होतं. स्टिअरिंग."

"पाहिलं होतं मी. तुम्ही कोटाच्या आतल्या खिशात घातलंत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी म्हटलं, डेल्मर योकम आहे, उद्या येईल. ओरेन म्हणायचा ना, तो माणूस कुणाचं फुकट घेत नाही."

"स्पर्धेत लावलं."

"तेही पाहिलं. कार्ड वाचलं." तिने परात सावरली. "मला वाचता येतं."

"मी ते परत देतो. उपटून आणतो."

"डिंक लागलेला भाग पेटीत परत येत नाही. रीत तुम्हाला माहीत आहे." तिने परात टेबलावर ठेवली. "आणि रिम चांगल्या आहेत हो. पण ओरेनने त्या स्टिअरिंगमध्ये पितळ घातलं नव्हतं. कड घासताना त्याला खोकला यायचा. मी म्हणायची, पुरे आता. तो म्हणायचा, एवढं झालं की माझं नाव राहील."

दारातून निघताना डेल्मरने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या कुत्रीचं एक पिल्लू आम्ही नेलं होतं. तांबूस. आठवतं?"

लव्होनाने आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. "नाही बाई," ती म्हणाली. "तुम्ही कधी नेलंच नाहीत."

६

गुरुवारी त्याने कुलूप उघडलं तेव्हा चारही रिम टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या. ज्यात त्या बांधून नेल्या होत्या त्या रुमालाची घडी शेजारी होती.

त्याने फळीकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. वेल्डा दारात उभी होती. तिचं डोकं उघडं होतं. पेअरच्या लाकडावर केसांच्या रेषा कोरलेल्या दिसत होत्या, एकेक, पांढऱ्या. त्या त्याने कधी कोरल्या नव्हत्या. रुमालाखाली काय कोरायचं?

स्वयंपाकघरात वेल्डा खिडकीपाशी उभी होती. केस मोकळे होते.

"तुझा हिरवा रुमाल?"

"मी आणि रुमाल?" ती हसली. "माझी आई बांधायची. मी शपथ घेतली होती, मरेन पण रुमाल बांधणार नाही."

त्रेचाळीस वर्षांपूर्वी ओक्लाहोमात, एका गोदामाच्या दारात त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं होतं. तिच्या डोक्याला हिरवा रुमाल होता. तिला ते आठवतं का, हे तो विचारणार होता. विचारलं नाही. उत्तर काय येईल ते त्याला कळलं होतं, आणि त्यानंतरच्या सकाळी काय होईल तेही. फळीवर नुसती गाडी असेल. तो हाक मारील आणि घरात कुणी येणार नाही. आणि हार्लन हळू आवाजात म्हणेल, म्हाताऱ्या, तू लग्न कधी केलंस?

गॅरेजमध्ये परत जाऊन त्याने स्टिअरिंगला चिमटा लावला. ओढला नाही. उपटून काय होणार होतं, रीत त्याला माहीत होती.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा वेल्डाने टेबलावर प्लेट ठेवली. "खा. थंड होतंय."

डेल्मर बसला आणि सगळं खाल्लं. बीन्स, पाव, वर कांद्याची फोड. ताटली पावाने पुसून घेतली. ती समोर बसून बघत होती.

"आज काय झालंय तुला? बोलत का नाहीस?"

"चांगलं झालंय," तो म्हणाला. जेवणाला चांगलं म्हणायची त्याची पद्धत नव्हती.

तिची भुवई वर गेली. "डॉक्टरला बोलवू का?"

त्याने खुंटीवरची टोपी घेतली. गॅरेजमध्ये जाऊन पेअरच्या लाकडाचा उरलेला तुकडा खिशात घातला. कोरायचं पातं घेतलं.

७

लव्होनाच्या स्वयंपाकघरात तो दुपारपर्यंत कोरत बसला. तिने काही विचारलं नाही. ती काम करत राहिली, मधूनमधून लाकडाचे छिलके टेबलावरून झाडून घेत होती.

स्वतःला कोरणं त्याला सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. त्याला आपले खांदे माहीत नव्हते. हात माहीत होते, म्हणून आधी हात केले. उजव्या अंगठ्याची तुटलेली कड केली. मग टोपी, मग पाय. तोंडापाशी तो बराच वेळ थांबला. मग खिडकीच्या काचेत पाहून तेही केलं, जसं होतं तसं, कडक.

"झालं," तो म्हणाला.

"बघू?" लव्होनाने चष्मा लावला. तिने बाहुली तळहातावर घेतली आणि खिडकीकडे वळवली. "ओरेनला आवडलं असतं," ती म्हणाली. "कॉफी टाकते. दोन कप." ती कपाटाकडे वळली.

डेल्मरने झाकण उघडलं. आरशाचा खण, बिस्किटाचा खण, त्याखाली एका खणात हिरव्या रंगाची चिमूटभर घडी. शेजारचा खण रिकामा होता. साफ पुसलेला, तयार.

रीतीप्रमाणे नाव घ्यायचं असतं.

"स्टिअरिंग ओरेन रस्कचं," तो म्हणाला. "आणि हा डेल्मर योकम."

त्याने बाहुली खणात ठेवली आणि झाकण लावलं.

लव्होनाने दोन कप काढले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि एक कप परत कपाटात ठेवला. डेल्मर मागच्या दाराने बाहेर पडला.

हार्डवेअरच्या दुकानावरून जाताना त्याने काचेत पाहिलं. निळी फीत होती. खाली कार्ड होतं. नाव ओरेनचं होतं, अक्षर ओरेनचं, थरथरतं.

पुढे हार्लन पंपाशी एका ट्रकमध्ये पेट्रोल भरत होता. डेल्मर त्याच्या समोरून गेला. हार्लनने कुठल्याही गिऱ्हाइकाला करतो तशी मान हलवली.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला भुंकणं ऐकू आलं. डेल्मरची पावलं भराभर पडू लागली. तांबूस कुत्रा कुंपणापाशी धावत आला, पाय रोवून उभा राहिला आणि दात दाखवून भुंकला. परक्यावर भुंकतात तसा.

"बिस्किट! गप!" आतून वेल्डाचा आवाज आला.

गॅरेजचं दार उघडं होतं. आत फोर्ड होती, दोन्ही आरशांची. टेबल नव्हतं. टेबलाच्या चार पायांचे खळगे जमिनीत असायचे, तेही नव्हते. मागचं स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि त्यातून त्याला ती भिंत दिसली, जिथे त्याच्या टोपीची खुंटी असायची. भिंत कोरी होती. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

वेल्डा दारात उभी होती. डोक्याला हिरवा रुमाल होता. उन्हापासून डोळ्यांवर हात धरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कोण हवंय तुम्हाला?"

डेल्मरने टोपी काढली.

"कुणी नाही, बाई," तो म्हणाला. "एक देणं होतं. फिटलं."